गुडघा, शिंग, धार: आकारांच्या नावांचा आढावा

तीन रेषांनी बंद झालेल्या आकृतीला सुरतेतल्या भेस्तानमध्ये एकाच गल्लीत वेगवेगळी नावे आहेत. मराठी आणि गुजराती शाळेतली मुले तिला त्रिकोण म्हणतात, हिंदी आणि ओडिया शाळेतली त्रिभुज. एका नावाने कोपरे मोजले, दुसऱ्याने बाजू. शेजारच्या उर्दू शाळेत तीच आकृती मुसल्लस होते आणि तिथे मोजला जातो तो फक्त 'तीन' हा आकडा. चारही बाजू सारख्या आणि कोन काटकोन असले की मराठीत चौरस, गुजरातीत चोरस, हिंदीत वर्ग. मराठी-गुजरातीतले वर्तुळ हिंदीत आणि ओडियात वृत्त होते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांतून शाळा चालवते, त्यामुळे आकारांच्या नावांचा असा बाजार देशात फार कमी ठिकाणी भरत असेल.

भेस्तान हे मुंबई–सुरत मार्गावरचे, उधना आणि सचिन यांच्या मधले स्टेशन. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग उधन्याला या मार्गाला मिळतो. त्याच वाटेने पिढ्यान् पिढ्या खानदेशी माणूस इथल्या लूम्सवर, डाइंगवर आणि बांधकामांवर आला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, ही इथली रोजची रीत. म्हणून आकारांच्या नावांचा प्रश्न इथे केवळ कोशातला राहत नाही. ही नावे आली कुठून? आपल्या भाषांचे युरोपातल्या भाषांशी जे नाते सांगतात, ते या शब्दांत कुठवर टिकते? अभ्यासकांनी जे शोधले ते एकत्र पाहिले, तर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आकारांची नावे आकार पाहून पडलेली नाहीत. ती शरीराच्या अवयवांवरून, जनावराच्या शिंगावरून, गाडीच्या चाकावरून, सुतावरून आणि हत्याराच्या धारेवरून पडली आहेत. आपले आणि युरोपचे नाते आहे ते या कच्च्या मालात. त्यातून नाव घडवण्याचे काम मात्र प्रत्येक भाषेने बहुतेक वेळा स्वतंत्रपणे केले.

या नात्याचा पहिला सुगावा आपल्याच किनाऱ्यावर लागला. गोव्यात राहणाऱ्या थॉमस स्टीफन्सने १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. हाच पुढे मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारा जेझुइट. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो सास्सेत्ती या व्यापाऱ्याने सात, आठ, नऊ यांसारखे संस्कृत आणि इटालियन शब्द शेजारी ठेवून पाहिले. सुरतेचाही यात वाटा आहे. आंकेतिल द्यूपेराँ हा फ्रेंच तरुण १७५८ ते १७६१ या काळात सुरतेत राहून पारशी दस्तुरांकडून अवेस्ता आणि पहलवी शिकला आणि १७७१ मध्ये त्याने अवेस्ताचे फ्रेंच भाषांतर छापले. कोलकात्यातले विल्यम जोन्सचे याच नात्यावरचे प्रसिद्ध भाषण १७८६ चे, म्हणजे या सर्वांनंतरचे. आकारवाचक शब्दांपुरते बोलायचे तर चार ग्रंथांवाचून पुढे जाता येत नाही: मोल्सवर्थचा मराठी कोश, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्ति कोश', कार्ल डार्लिंग बक यांचा १९४९ चा युरोपीय भाषांतल्या समानार्थी शब्दांचा कोश, आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश. बक यांनी आकार, कोपरा, गोल, सपाट अशा शब्दांना एक अख्खे प्रकरण दिले आहे. टर्नर यांनी मराठी, गुजराती, हिंदी शब्द एका संस्कृत मुळाखाली मांडले. ही दोन पुस्तके शेजारी उघडून बसले की अर्धे काम होते.

आता कोपऱ्याकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त माल तिथेच आहे.

भेस्तान-पांडेसरा भागात घराचा पाया आखताना गवंडी काय करतो ते एकदा नीट पाहावे. आधी एक खुंटी ठोकतो. तिच्यापासून दोन दिशांना दोऱ्या ताणतो. एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. मग दोन खुणांमधले तिरपे माप घेतो आणि ते बरोबर पाच फूट भरेपर्यंत दुसरी दोरी इकडेतिकडे सरकवत राहतो. पाच भरले की खुंटी पक्की. भिंत वर येऊ लागली की लोखंडी गुण्या कोपऱ्यात बसवून बघतो आणि म्हणतो, 'गुण्यात आहे.' दोरीला संस्कृतात शुल्ब म्हणत. यज्ञवेदीच्या विटा रचण्यासाठी दोरीने आकार कसे आखावेत, हे सांगणारे ग्रंथ म्हणून ती शुल्बसूत्रे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात तीन आणि चार, बारा आणि पाच, पंधरा आणि आठ अशा जोड्यांची यादीच आहे.

पण त्याच्या हातातला गुण्या वेदीकडून आलेला नाही. तो फारसीतल्या 'गूनिया'वरून आला, फारसीत ग्रीक 'गोनिया'वरून. गोनिया म्हणजे कोपरा, आणि हा शब्द ग्रीक 'गोनी' म्हणजे गुडघ्याच्या घरातला. मांडी आणि पोटरी जिथे वळतात तो कोन. संस्कृतातला जानु, लॅटिनमधला गेनू, इंग्रजीतला नी आणि जर्मनमधला क्नी हे सगळे याच गोनीचे भाऊ. आपण रामाला आजानुबाहू म्हणतो तेव्हा जो जानु उच्चारतो, त्याचाच ग्रीक भाऊबंद 'ट्रिगोनोमेट्री'त आहे आणि वाटेत फारसीचा वेष घेऊन गवंड्याच्या पिशवीतही आहे. त्रिकोणमितीच्या पुस्तकात हा शब्द युरोपातून परत आला, पण भेस्तानच्या पायाच्या खड्ड्यात तो त्याच्या कितीतरी आधी येऊन बसला होता. शाळेने या शब्दाची दखल घेतलेली नाही, हे मला खटकते. मुलाला 'काटकोन' शिकवताना बापाच्या हातातल्या वस्तूचे नाव वर्गात यायला हवे.

कोपऱ्याला गुडघा म्हणणे ही झाली ग्रीकांची रीत. जर्मन माणूस त्याला धार म्हणतो. जर्मनमध्ये त्रिकोण म्हणजे 'ड्रायएक', चौकोन म्हणजे 'फीरएक', आणि 'एक' म्हणजे कोपरा. इंग्रजीतला 'एज' म्हणजे धार किंवा कडा, हा त्याचा सख्खा भाऊ. दोन्हींच्या मुळाशी 'तीक्ष्ण' हा अर्थ आहे, आणि लॅटिनमधले 'आकिएस' म्हणजे धार व ग्रीकमधले 'आक्रोस' म्हणजे टोकाचा हेही त्याच मुळाचे. संस्कृतात या मुळाला 'अश्रि' हे रूप आले, म्हणजे तीक्ष्ण कडा. शुल्बसूत्रांत चौरसाला समचतुरश्र म्हणतात: सारख्या, चार कडांचा. आर्यभटाने ४९९ मध्ये त्रिकोणी तळाच्या सूचीला षडश्रि म्हटले, कारण तिला सहा कडा. आता चतुरश्र आणि फीरएक हे दोन शब्द समोरासमोर ठेवा. 'चतुर्' आणि 'फीर' एका मुळाचे, 'अश्रि' आणि 'एक' एका मुळाचे. दोन घरे हजारो वर्षे एकमेकांपासून दूर राहिली, आणि तरी त्याच दोन जुन्या विटा घेऊन त्यांनी तेच नाव बांधले. हे नाव मूळ भाषेतच तयार होऊन वारशाने आले असे मात्र म्हणता येत नाही, कारण जोडशब्द दोन्हीकडे आपापला घडलेला दिसतो.

तोच चतुरश्र प्राकृतातून घासत आला आणि चौरस झाला. मराठीत त्याचे दुसरे रूपही शाबूत आहे. एखादा लेखक चतुरस्र आहे असे आपण म्हणतो तेव्हा शब्दशः 'चार कडांचा' म्हणत असतो. ग्रीक कवी सिमोनिदीसने निर्दोष माणसाला 'तेत्रागोनोस', म्हणजे चौकोनी, म्हटले होते. त्यावरची चर्चा प्लेटोच्या 'प्रोतागोरास' या संवादात आहे. माणसाच्या गुणाला चौकोनाचे नाव द्यावे असे दोन संस्कृतींना सुचले, पण एकीने ते दुसरीकडून घेतल्याचा पुरावा नाही. गोल माणसाला असे भाग्य लाभले नाही. मराठीत तर वाटोळे झाले म्हटल्यावर सर्वनाशच समोर उभा राहतो.

तिसरी रीत शिंगाची. आइसलँडच्या भाषेत त्रिकोण म्हणजे 'थ्रीहिर्निंगुर', तीन शिंगांचा. इंग्रजीतला 'कॉर्नर' हाही लॅटिन 'कोर्नू' म्हणजे शिंगापासूनच. लॅटिन कोर्नू, जर्मानिक हॉर्न आणि संस्कृत शृंग ही एका कुळातली भावंडे. संस्कृतात शृंगाटक म्हणजे तीन टोकांचा, तिठा, आणि पाण्यात पिकणारे ते टोकदार फळ. त्याचाच आपला शिंगाडा. उपासाच्या दिवशी भेस्तानच्या भाजीबाजारात शिंगाडे विकणारी बाई आणि रेक्याविकच्या शाळेत त्रिकोण शिकवणारा मास्तर एकाच जुन्या शब्दाच्या दोन फांद्यांवर बसलेले आहेत. मात्र इथे एक सावधगिरी हवी. कॉर्नर आणि कोन यांचा ध्वनी जुळतो म्हणून ते एकच, असे पुष्कळ लोक ठामपणे सांगतात. ते चूक आहे. कॉर्नर शिंगाच्या घरचा, आणि कोन त्या घरचा नव्हे.

चौथी रीत आकड्याची, म्हणजे वाकवलेल्या लोखंडाची. लॅटिन 'आंगुलुस', त्यावरून अँगल आणि ट्रायँगल. रशियनमध्ये कोपरा 'ऊगल' आणि त्रिकोण 'त्रेऊगोल्निक', हाही आंगुलुसचाच नातलग. मूळ अर्थ वाकणे. घोट्याला इंग्रजीत अँकल म्हणतात तो यातलाच, ग्रीकमधून आलेला जहाजाचा अँकरही यातलाच, आणि संस्कृतातले अंक व अंकुशही. मराठीत आणि गुजरातीत आकडा म्हणजे एकाच वेळी संख्या आणि हूक. तारेवर आकडा टाकला असे आपण म्हणतो, त्यातला आकडा ट्रायँगलमधल्या अँगलचा दूरचा चुलतभाऊ आहे. डच लोक त्रिकोणाला 'द्रीहूक' म्हणतात, तिथला 'हूक' इंग्रजी हूकचा नातलग, पण अंकाचा नव्हे. डेन्मार्कमध्ये 'ट्रेकांट'. त्यातला 'कांट' लॅटिनमध्ये बैलगाडीच्या चाकावर चढवायच्या लोखंडी पट्टीचे, आपल्याकडच्या धावेचे, नाव होता. म्हणजे त्रिकोण हा एकच आकार. ग्रीकांना त्यात गुडघे दिसले, जर्मनांना धारा, आइसलँडरांना शिंगे, रोमनांना वाकवलेले टोक, आणि आपल्याकडे हिंदीवाल्यांना हात, कारण भुज म्हणजे हातच. आर्यभटाने त्रिभुजच म्हटले आहे. शुल्बसूत्रकारांनी तर समद्विभुज त्रिकोणाला प्रउग म्हटले, म्हणजे गाडीच्या दांड्या जिथे पुढे एकत्र येतात तो भाग.

मग आपला 'कोण'? इथे अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, त्रिकोण हा फलज्योतिषातून आला आणि तो ग्रीक 'त्रिगोनोन'चे संस्कृत रूप आहे. दुसरा द्राविड भाषांकडे बोट दाखवतो, जिथे वाकडे होण्याचा अर्थ असलेले 'कोण्'पासूनचे शब्द तमिळमध्ये घरोघर आहेत. मला दोन्ही म्हणणी एकत्र बसतात असे वाटते. रोजच्या व्यवहारातला कोण दक्षिणेकडून आलेला आधीच हाताशी असावा, आणि ज्योतिषी जेव्हा ग्रीक त्रिगोनोन घेऊन आले तेव्हा त्याच्या जागी हाच शब्द सहज बसला असावा. मराठीने तर त्याचे दोन भाग केले आहेत: त्रिकोणात ण, चौकोनात न. पहिला शब्द पोथीतून आला, दुसरा बोलण्यातून. गुजराती खूणो म्हणते आणि काटकोनाला काटखूणो.

ज्योतिषाने आणलेले ग्रीक शब्द मात्र वादातीत आहेत. केंद्र हा ग्रीक 'केन्त्रोन'. केन्त्रोन म्हणजे टोचायची अणकुची, बैल हाकायच्या पराणीला पुढे लावलेली आर. कंपासचे एक टोक कागदात रुतते, तो बिंदू केंद्र. आणि 'डायमेत्रोन' म्हणजे आरपार माप. त्याचे संस्कृतात जामित्र झाले, जन्मलग्नासमोरचे सातवे घर. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात पार्वतीच्या लग्नाचा मुहूर्त सांगताना हा शब्द वापरला आहे. वर्तुळाच्या व्यासाला आपण हा शब्द दिला नाही. व्यास म्हणजे पसरलेला, हा आपलाच.

गोल वस्तूंच्या नावांत शेतातले आणि सूतकताईचे जग दिसते. वर्तुळ हे 'वृत्' म्हणजे फिरणे या धातूचे. लॅटिन 'वेर्तेरे' तेच. संस्कृत कोशांत वर्तुळाचे स्त्रीलिंगी रूप वर्तुला याचा अर्थ सूत कातायच्या चातीला नीट फिरावे म्हणून खाली लावलेली चकती, आणि लॅटिनमध्ये त्याच चकतीला त्याच धातूवरून 'वेर्तिकिल्लुस' म्हणत. रशियनमध्ये चातीलाच 'वेरेतेनो' म्हणतात, तोही याच घरातला. पुल्लिंगी वर्तुल म्हणजे वाटाण्याची जात. आपला वाटाणा, आपले वाटोळे ही सगळी या 'वट्ट' प्राकृताची मुले. सुरतेत आज सूत पिळण्याच्या कारखान्यांत जो मोटरचा टॉर्क मोजतात, तो लॅटिन 'तोर्क्वेरे' म्हणजे पिळणे, आणि संस्कृतात त्याच मुळापासून तर्कु म्हणजे चाती. तर्कुवरून तकली, टकळी. सूत पिळणाऱ्या टीएफओ यंत्रावर रात्रपाळी करणाऱ्या पोराच्या आजीच्या हातात टकळी होती, आणि यंत्राच्या पाटीवर टॉर्क लिहिले आहे. दोन्ही शब्द एका आईचे.

गाडीच्या चाकाविषयी फार लिहायला नको, कारण तो धडा प्रत्येक पुस्तकात असतो. चाक, ग्रीक कुक्लोस, इंग्रजी व्हील एका मुळाचे, आणि म्हणून सायकलही चाकाची नातलग. आस, लॅटिन आक्सिस, जर्मन आक्से, रशियन ओस. नाभी, इंग्रजी नेव्हल आणि चाकातली नेव्ह. पृथ्वीचा आस हे शाळेत शिकलेला मुलगा बैलगाडीचा आस कधी पाहत नाही, पण हा शब्द तिथूनच उचललेला आहे. इंग्रजी सर्कल मात्र या चाकाचे काहीच लागत नाही. ते ग्रीक 'किर्कोस' म्हणजे कडे, यावरून आले.

गोल आणि गूळ यांची जोडी मला इथल्या बाजारात फार पाहण्यासारखी वाटते. संस्कृतात गुड म्हणजे आधी गोळा, मग उसाच्या रसाचा आटवून केलेला गोळा. मराठीत गूळ आणि गोळा वेगळे झाले. गुजरातीत मात्र गूळही गोळ असा लिहितात आणि वाटोळे या अर्थाचा गोळही तसाच. अहिराणीत ळ चा य होतो, म्हणून गूळ गूय होतो. किराणा दुकानात खानदेशी बाई गूय मागते, दुकानदार गोळ तोलतो, बिहारी गिऱ्हाईक गुड़ म्हणते.

वर्तुळाच्या आतल्या रेघांची नावे शिकाऱ्याची. चाप म्हणजे धनुष्य, जीवा किंवा ज्या म्हणजे दोरी, शर म्हणजे बाण. युरोपने लॅटिनमध्ये तेच केले: आर्कुस म्हणजे धनुष्य, साजित्ता म्हणजे बाण. दोरीला मात्र ग्रीक 'खोर्दे' म्हणजे आतडे, कारण तात आतड्याची असे. संस्कृत ज्या आणि ग्रीक 'बिओस' म्हणजे धनुष्य हे एका मुळाचे, आणि लिथुआनियन भाषेत त्याच मुळाचा 'गिया' म्हणजे सुताचा धागा. आपली जीवा अरबीत गेली तेव्हा तिचे 'जीब' झाले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर न लिहिता ज-य-ब उरले, ते वाचणाऱ्यांनी 'जैब' असे वाचले. जैब म्हणजे अंगरख्याची घडी, झोळ. हिंदीतला जेब तोच. बाराव्या शतकात अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीला आपला शब्द दिला, सिनुस. तो आज साइन. कॅल्क्युलेटरवर दाबतो ते बटण म्हणजे धनुष्याची दोरी आहे, एका चुकीच्या वाचनाने झोळ झालेली. त्रिज्या या शब्दाविषयीही गैरसमज आहे. त्यात तीन दोऱ्या नाहीत. तीन राशींची, म्हणजे नव्वद अंशांची ज्या, ती त्रिज्या. ती बरोबर वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाएवढी असते. युरोपने या रेघेला रेडियस, चाकाचा आरा, म्हटले. एकाने आकाश मोजताना नाव दिले, दुसऱ्याने गाडी पाहून.

ज्या कशी काढावी याचे सविस्तर विवेचन भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त आहे, आणि 'लीलावती'त भुज, कोटी, कर्ण, म्हणजे हात, धनुष्याचे टोक आणि कान, यांवर कितीतरी उदाहरणे. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे, तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. भेस्तानमधले कितीतरी लोक याच चाळीसगाव पट्ट्यातले. त्यांच्या मुलांना कर्ण म्हणजे काटकोनासमोरची बाजू हे पाठ असते, पण ज्या गावच्या शिलालेखात भास्कराचे नाव कोरले आहे ते गाव आपल्या आजोळापासून काही कोसांवर आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. हे सांगायला काहीच खर्च लागत नाही.

सरळ रेषेकडे आले की पुन्हा सूत. इंग्रजी लाइन लॅटिन 'लिनेआ'पासून, आणि ती 'लिनुम' म्हणजे अळशीच्या धाग्यापासून. आपल्याकडे सुतार म्हणजे सूत्रधार, सूत धरणारा; गुजरातीत तो सुथार, आणि त्यात 'धार' अजून ऐकू येतो. लंब म्हणजे लोंबणारे. लॅटिनमध्ये 'पेर्पेन्दिकुलुम'सुद्धा 'पेन्देरे' म्हणजे लोंबणे यावरून. दोन शब्दांत नाते नाही, पण दोघांनी एकच गोष्ट पाहिली: दोरीला बांधून सोडलेले वजन. गवंड्याचा ओळंबा हा अवलंब, गुजरातीत ओळंबो.

घनाकृतींत मराठीने एक फार सुंदर गोष्ट केली आहे आणि तिची कोणी वाखाणणी करत नाही. लांबी, रुंदी, उंची असलेल्या ठोकळ्याला हिंदी घनाभ म्हणते, गुजराती लंबघन. मराठी पाठ्यपुस्तक म्हणते इष्टिकाचिती, विटांची रचाई. उभ्या गोल आकाराला वृत्तचिती. चिती हा वेदीच्या विटांच्या थरांना असलेला शब्द, बौधायनाचा. हिंदीत त्याच आकाराला बेलन म्हणतात, म्हणजे लाटणे, आणि युरोपचे 'किलिन्द्रोस' हेही लाटणे-रूळच. त्याच चाणाक्षपणाने मराठीने शांकवांची, म्हणजे शंकू छेदून मिळणाऱ्या वक्रांची, नावे घडवली. ग्रीक पॅराबोलामध्ये 'शेजारी टाकलेला' आहे, हायपरबोलामध्ये 'पलीकडे टाकलेला'. मराठीने 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू घेऊन अन्वस्त आणि अपास्त केले. हे शब्द जड वाटतात अशी तक्रार होते. पण त्यांच्यात कोणी तरी ग्रीक शब्द नीट फोडून पाहिला आहे, याचा मला अभिमान वाटतो. हिंदीने त्याऐवजी परवलय, अतिपरवलय असे केले, आणि वलय म्हणजे कडे ठेवल्यावर 'टाकणे' निघून गेले.

सुरतेची दुसरी शाळा हिऱ्यांची, वराछा-कतारगामकडची. तिथे आठ पैलूंच्या कामाला अठपेल म्हणतात. पेल म्हणजे आपला पैलू, फारसी पहलू, म्हणजे कूस, बरगडीची बाजू. संस्कृतात तिचा नातलग पर्शु म्हणजे बरगडी आणि पार्श्व. युरोपने फॅसेट म्हणजे छोटा चेहरा म्हटले. आकृतीला आपण देहाशी जोडतो हे इथेही आहे. इंग्रजी फिगर लॅटिन 'फिंगेरे' म्हणजे माती मळणे यापासून, आणि त्याच मुळाचे संस्कृत 'दिह्', ज्यावरून देह.

या सगळ्यावरून एक अंदाज काढावा लागतो. नात्याचा पुरावा देणारे शब्द म्हणजे अवयव, आकडे, धार, फिरणे. पूर्ण आकाराचे नाव क्वचितच वारशाने येते. आणि नाव उचलण्याला नात्याची अटही नसते. सुरतेत विणकरांची मोठी वस्ती असलेले तेलुगू लोक चौरसाला आजही चतुरस्रम् आणि आयताला दीर्घचतुरस्रम् म्हणतात, म्हणजे शुल्बसूत्रांतलेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे, आणि त्यांची भाषा आपल्या कुळातली नाही. मराठीने चतुरस्र गाळून फक्त आयत ठेवला. तो शब्द 'ताणलेला' इतकेच सांगतो, काय ताणले ते सांगत नाही. गुजराती लंबचोरस म्हणते आणि त्यात जुना अर्थ उघड राहतो. शब्दांची अदलाबदल करायला मोकळीक असती, तर मी हा एक शब्द गुजरातीकडून मागून घेतला असता. भेस्तानच्या मराठी शाळेतल्या मुलाला तो शेजारच्या वर्गातून रोज ऐकू येतच असतो.

नवे नाव अजूनही तयार होते, याचे उदाहरण पतंग. दोन-दोन लगतच्या बाजू सारख्या असलेल्या चौकोनाला मराठी आणि हिंदी पतंग म्हणतात, गुजराती पतंगाकार. जर्मन त्याला 'द्राखनफीरएक', म्हणजे ड्रॅगनचा चौकोन, म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत पतंगाला ड्रॅगन म्हणतात. इंग्रजी 'काइट' ही घारीवरून. पतंग हा संस्कृत 'पत्' म्हणजे उडणे याचा, आणि ग्रीक 'प्तेरोन' व इंग्रजी 'फेदर', दोन्ही पंख-पिसाचे शब्द, त्याच मुळाचे. उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात सुरतेत मांजा आणि पतंग यांवाचून दुसरी चर्चा नसते. त्या दिवसांत दोन कर्ण कुठे छेदतात, कोणता कोणाला दुभागतो, हे शिकवायला पतंगाच्या दोन काड्या पुरतात: एक सरळ उभी आणि दुसरी तिच्यावर कमानीसारखी वाकवून बांधलेली. त्या वाकवलेल्या काडीलाच चाप म्हणता येते, आणि कागदावर तिची दोन टोके जोडणारी रेघ म्हणजे जीवा.